अग्रक्रमाचा प्रश्न

घरात वस्तू एक आणि मागणारे चार, अशा वेळी आधी कोणाला द्यावयाचे हा प्रश्न घराइतकाच जुना आहे. भाकरीपुरता तो आपल्याकडे आईने सोडविला. ती शेवटी जेवू लागली, आणि आपण त्याला माया असे नाव देऊन मोकळे झालो. हा हिशेब कोणी कागदावर मांडला नव्हता. मांडला असता तर वाचणाऱ्याला घास गिळणे जड गेले असते. हे सारे मनात येण्याचे कारण धुळ्यातल्या एका घरी टीव्हीला जोडलेला संगणक. त्याने तो हिशेब मांडला.

पूर्वी ही वेळच येत नसे. १९८३ साली इन्सॅट-१ बी हा उपग्रह आकाशात गेला, आणि पुढल्या वर्षी देशभर दूरदर्शनचे लहान प्रक्षेपक भराभर उभे राहिले. जळगाव काय, धुळे काय, गच्च्यांवर ॲल्युमिनियमच्या काड्या उगवल्या. वारा सुटला की एकाने वर जाऊन अँटेना फिरवायचा आणि दुसऱ्याने जिन्यातून "थांब, थांब, आता दिसतंय!" असे ओरडायचे. दिसे ते एकच, सर्वांनी पाहायचे तेही एकच. ते जुने ॲनालॉग प्रक्षेपक २०२२ पर्यंत बहुतेक सारे मिटले. काड्या मात्र कित्येक घरांवर अजून आहेत, आणि कावळ्यांची त्याबद्दल तक्रार नाही.

आता चित्रे तीन वाटांनी येतात. डीडी फ्री डिश डिसेंबर २००४ पासून आहे. आग्नेयेकडे तोंड करून तबकडी बसविली की झाले, महिन्याचे भाडे नाही. दुसरी वाट केबलची, आणि तिसरी आंतरजालाची. देवपुरातल्या आमच्या स्नेह्यांच्या चिरंजीवाने या तिन्ही वाटा एका संगणकात आणून सोडल्या. टीव्हीहेडएंड, मिथटीव्ही अशा नावांच्या मोफत प्रणाली यासाठी मिळतात. सर्व वाहिन्यांची एकच यादी, एकच वेळापत्रक; हवे त्यावर खूण करावी, यंत्र तो कार्यक्रम टिपून ठेवते.

मात्र यंत्राचे हातही मोजकेच. डिशचा ट्यूनर एका वेळी एकच लहर पकडतो. त्या लहरीवर वाहिन्या गठ्ठ्याने येतात, म्हणून एकाच गठ्ठ्यातल्या दोन वाहिन्या तो खुशाल टिपतो. गठ्ठे निराळे पडले की दुसरा ट्यूनर हवा. केबलचे याहून अवघड. तिथली चित्रे कुलूपबंद येतात, ते कुलूप सेट-टॉप बॉक्सच उघडतो, आणि बॉक्स एका वेळी एकच वाहिनी दाखवितो. त्याच्या लाल, पांढऱ्या, पिवळ्या तारा संगणकात नेल्या आणि रिमोटचे काम एका इवल्या अवरक्त दिव्याकडे दिले, तरी एकाच्या दोन वाहिन्या होत नाहीत.

म्हणून यंत्र आकडे मागते. आधी वाटांचे. सह्याद्री वाहिनी डिशवरूनही येते आणि केबलवरूनही. आंतरजालावरून आली तर काही सेकंद मागे असते. पहिला मान कोणाला? डिशला द्यावा, मुसळधार पावसात तिचे चित्र फुटते, तेव्हा केबल घ्यावी. हे ठरवावयास पाच मिनिटे पुरली. मग यंत्राने माणसांचे आकडे विचारले. एकाच वेळी दोन मागण्या आल्या आणि हात एकच मोकळा असला, तर कोणाची मागणी टाकावी?

चिरंजीवाने घरातल्या रीतीप्रमाणे आकडे भरले. नानांच्या बातम्या पहिल्या, मग क्रिकेट (ते अर्थात त्याचे स्वतःचे), मग वहिनींची मालिका. आजींच्या नावे त्यानेच कीर्तनाची खूण करून ठेवली होती, तिला उरलेला आकडा मिळाला. मालिका आणि कीर्तन दोन्ही केबलवर आणि दोन्ही एकाच वेळी. यंत्र निमूटपणे काम करीत राहिले. दोन महिन्यांनी न टिपलेल्या कार्यक्रमांची यादी त्याने सहज उघडली, तर तिच्यात वरपासून खालपर्यंत कीर्तनच. आजींची यावर तक्रार? "मन्हं काय शे, तुमनं देखा."

आमच्या पिढीतले लोक १९८७ च्या रविवारांची आठवण काढून गहिवरतात. 'रामायण' लागले की सारी गल्ली एका घरात, चपलांचा ढीग दारात, आणि काय तो एकोपा! एकोपा होता, मी नाही म्हणत नाही. पण त्या खोलीत कोण कोठे बसे हे आठवून पाहावे. खुर्चीवर कोण, सतरंजीवर कोण, खिडकीच्या गजांना धरून बाहेर कोण, आणि चहाचे आधण ठेवून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून मान काढून पाहणारी कोण. तेथेही आकडे होतेच. ते लिहिलेले नव्हते एवढेच. ज्या घरात नेहमी एकच माणूस माघार घेतो त्या घराला समजूतदार म्हणणे मला अवघड जाते. समजूतदार ते एक माणूस; बाकीच्यांची नुसती सोय झालेली असते.

यावर चिरंजीवाचा पहिला उपाय तरुणाला साजेसा होता: सर्वांना सारखाच आकडा. तो फसला. आकडे सारखे असले म्हणून यंत्र थांबत नाही. बरोबरी सोडविण्याचे नियम त्याच्या पोटात आधीच लिहून ठेवलेले असतात, आणि ते लिहिणाऱ्याने देवपूर कधी पाहिलेले नसते. दुसरा उपाय केबलचा आणखी एक बॉक्स घेण्याचा. तो खर्चाचा, पण वाईट नव्हे. टंचाईने माणसे एकमेकांसाठी झिजावयास शिकतात असे सांगणारे बहुधा खुर्चीवर बसलेले असतात.

मला मात्र त्या घराशेजारून वाहणारी पांझरा आठवली. तिच्या काठी फड पद्धतीने शेकडो वर्षे पाणी वाटले गेले. बंधारा घालून नदीचे पाणी पाटात घ्यायचे, पाटाखालच्या जमिनीचे फड पाडायचे, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे आणि पाळीने भिजवायचे. पाणी ज्याचा तो सोडीत नसे. गावाने नेमलेला पाटकरी सोडी. टंचाईच्या साली कोणते फड भिजवावयाचे हे गाव मिळून ठरवी. ही पद्धत पुष्कळ ठिकाणी मोडली, तो निराळा विषय. माझ्या कामाचे एवढेच की तेथे कायमचा अग्रक्रम नव्हता, पाळी होती. आणि ज्याने मागितले नाही त्याचे शेतही पाटकऱ्याच्या हिशेबात होते.

हे मी चिरंजीवास सांगितले. तो हुशार, त्याने लगेच खोड काढली. "काका, पाणी आज नाही तर परवा येतं. सामना परवा येत नाही." खरे आहे. मग त्यावर त्याने आणि मी बराच वेळ घालविला, आणि निघाले ते असे: आकडा माणसाला देऊच नये, कार्यक्रमाला द्यावा. जे पुन्हा येणार नाही ते आधी. मालिकेचा भाग दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा लागतो, तो तेव्हा टिपावा. सामना चालू असतानाच टिपावा. दोन कार्यक्रम सारखेच न परतणारे असले तर आठवड्याची पाळी. नानांच्या बातम्या घसरल्या, कारण बातम्या तासातासाला आहेत. नाना चार दिवस रुसले. वहिनींनी एकदाही विचारले नाही, पण दुपारी मालिका पाहताना पाय पसरून बसू लागल्या.

राहिला न मागणाऱ्याचा प्रश्न. त्याला यंत्रात रकाना नाही. चिरंजीव आजींच्या शेजारी जाऊन बसला आणि काय हवे ते विचारले. दोनदा तेच उत्तर आले. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, की कीर्तन त्यांना तसे फारसे आवडत नाही; साक्रीकडे लग्नात बायका म्हणत ती अहिराणी गाणी कुठे मिळतात का? ती ना डिशवर होती, ना केबलवर. तिसऱ्या वाटेने, यूट्यूबवर, ती ढिगांनी निघाली. त्यांना ना ट्यूनर लागला, ना आकडा. दोन महिने जे हुकत होते ते त्यांनी मागितलेलेच नव्हते, आणि जे हवे होते त्याच्यासाठी कोणाला तसूभरही सरकावे लागले नसते.

परवा गेलो तेव्हा गाणी लागली होती. आजी ओठांतल्या ओठांत म्हणत होत्या. अर्ध्यातच कुकरची शिटी झाली, तशा त्या उठल्या. वहिनी म्हणाल्या, "बसा हो, मी बघते." तोवर आजी आत पोचल्या होत्या.