एच आणि सी

माणसाच्या सत्यनिष्ठेची परीक्षा मोठ्या प्रसंगात होते, असे आपल्याला लहानपणापासून सांगितलेले असते. हरिश्चंद्राने राज्य सोडले. आता आमच्यासारख्या बँकेतल्या कारकुनापाशी सोडायला राज्यच नाही, फार तर दुपारचा चहा आहे. त्यामुळे आमच्या वर्गाची परीक्षा किरकोळ वस्तूंवरून होते. उदाहरणार्थ, मोटारीतला एक पिवळा दिवा. आणि मोटारही स्वतःची नाही! आमच्या मालकीची एक स्कूटर आहे, आणि तिला ब्रेक आहेत ही निव्वळ श्रद्धेची बाब आहे.

मोटार आमच्या भाच्याची. तो न्यू जर्सीत असतो. लग्नाआधी त्याने १९९९ सालची कॉर्वेट सेकंडहँड घेतली. ही अमेरिकन स्पोर्ट्‌स कार. सीट दोनच, आणि त्याही इतक्या खाली की आत बसण्यापेक्षा आत उतरणे हा शब्द बरा. पुढे सूनबाईंना दिवस गेले आणि तिसऱ्या माणसाला कुठे बसवायचे हा प्रश्न आला. गाडी विकायची ठरली. ती विकायला काढली आणि त्याच आठवड्यात डॅशबोर्डावर एबीएसचा दिवा लागला.

वाचकांत आमच्यासारखे स्कूटरवाले बरेच असणार म्हणून सांगतो. चाकाबरोबर एक दातेरी कडे फिरते. त्याच्या अगदी जवळ, पण न टेकता, एक सेन्सर बसवलेला असतो. सेन्सर म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती तारेचे वेटोळे. एकेक दाता समोरून गेला की वेटोळ्यात विजेची लहानशी लाट उठते. चाक जोरात तर लाटा भराभर. या लाटा मोजून एक मॉड्यूल चारी चाकांचा वेग सारखा ताडून पाहत असते. ब्रेक दाबल्यावर एखादे चाक बाकीच्यांपेक्षा फारच मंदावले, म्हणजे ते आता जाम होऊन घसरणार. घसरत्या चाकाला स्टिअरिंगचे ऐकू येत नाही. म्हणून मॉड्यूल त्या चाकाचा ब्रेक एका सेकंदात कितीतरी वेळा सोडते आणि धरते. १९७८ साली मर्सिडीजने बॉशची ही व्यवस्था आपल्या मोठ्या गाडीत दिली, आणि १९८६ पासून ती प्रत्येक कॉर्वेटमध्ये आली. आपल्याकडे २०१९ नंतर १२५ सीसीच्या वरच्या नव्या मोटरसायकलींनाही ती सक्तीची झाली.

इथपर्यंत सगळे यंत्र झाले. मला खरी गंमत वाटते ती पुढची. चारांपैकी एका सेन्सरचे म्हणणे बाकी तिघांशी जुळेना झाले की मॉड्यूल काय करते? स्वतःला रजा देते! दिवा लावून ड्रायव्हरला सांगते की, बाबा रे, माझा माझ्यावर भरवसा राहिलेला नाही, तू आपला साध्या ब्रेकवर चाल. साधे ब्रेक चालू असतातच. स्वतःविषयी शंका आल्याबरोबर बाजूला होणारा अधिकारी मी वीस वर्षांच्या नोकरीत एकही पाहिला नाही. बहुतेकांना तर शंकाच येत नाही.

शिवाय या गाडीला स्मरणशक्ती आहे. डॅशबोर्डावरचे 'ऑप्शन्स' नावाचे बटण दाबून धरायचे आणि 'फ्युएल'चे बटण चार वेळा दाबायचे, की गाडी आपले दोष स्वतःच वाचून दाखवते. भाच्याला दिसले 'सी १२२१ एच'. अर्थ, डाव्या पुढच्या चाकाकडून वेगाचा निरोप येत नव्हता. शेवटचा एच म्हणजे हिस्टरी, पूर्वी घडलेला दोष. दोष आत्ता हजर असेल तर तिथे सी येतो, म्हणजे करंट. (आमच्या बँकेत असे काही नाही. २००९ सालच्या मेमोपुढे अजून कोणी एच लिहिलेला नाही, तो कायमचा सी.)

भाच्याने मग चाक उचलून तपास केला. सेन्सरच्या तारेचा रेझिस्टन्स मोजला आणि उजव्या चाकाशी ताडून पाहिला. जुळला. दोन्ही चाके हाताने सारखी फिरवून मीटरवर व्होल्ट पाहिले. तेही जुळले. प्लग पुसला, अर्थिंगची तार घासली, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवून तार कुठे ताणते का ते बघितले. काही नाही! आमचे जुने हेडक्लार्क सांगत, टोटल चुकली आणि फरकाला नऊने भाग गेला, तर कुठेतरी आकडे उलटसुलट पडले आहेत असे समजावे. इथे फरकच नव्हता. दिवा विझला तो दोन आठवडे विझलेलाच. मग एका पावसाळी संध्याकाळी दहा मिनिटे लागला आणि पुन्हा गप्प. पुरता मुका साक्षीदार परवडतो. मधूनच बोलणारा आणि कोर्टात नेले की शहाण्यासारखा वागणारा, त्याचे काय करायचे?

अशा वेळी त्याचा फोन आला. "मामा, शनिवारी गिऱ्हाईक येतंय. रीसेटचं बटण दाबून धरलं की एच पुसला जातो. दिवा आत्ता लागत नाहीये. दोष मला सापडत नाही. मग सांगायचं तरी काय? खोटं तर मी काहीच बोलत नाही."

मुलगा इंजिनियर, पण प्रश्न धर्मराजाचा विचारला. धर्मराजही खोटे बोलला नव्हता. त्याने खरे वाक्य मोठ्याने म्हटले आणि त्याची शेपटी हळूच गिळली. तेवढ्यावर जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. वाहनांचा आणि अर्धसत्याचा संबंध इतका जुना आहे.

मी बी. कॉम. आहे, आणि ही पदवी आयुष्यात एकदा तरी उपयोगी पडावी अशी माझी फार इच्छा होती. १९३० च्या माल विक्री कायद्यात ग्राहकाने स्वतः सावध राहावे असे तत्त्व आहे, ते मला पाठ आहे. पण ते भाच्याला सांगितले नाही. कायदा आपल्याकडचा, गाडी तिकडची, आणि तसेही ते तत्त्व बाजारासाठी आहे, झोपेसाठी नाही. मी त्याला ताळेबंद सांगितला. म्हटले, "अरे, कंपनीवर एखादा दावा चालू असतो. निकाल लागलेला नसतो, पैसे द्यावे लागतील की नाही कोणालाच ठाऊक नसतं. ती रक्कम देण्यांत धरत नाहीत. पण ताळेबंदाच्या खाली टीप द्यावी लागते. काँटिन्जंट लायबिलिटी म्हणतात तिला. तुझा एच म्हणजे ती टीप आहे. ती देण्यात धरू नकोस, पण खोडूही नकोस."

"आणि त्यानं भाव पाडला म्हणजे?"

"पाडू दे. अरे, एबीएस नसलेल्या गाड्या लोकांनी जन्मभर चालवल्या. त्यात धोका कमी, कारण आपल्याकडे ते नाही हे माहीत असतं. ते आहे असं धरून चालणारा माणूस पावसात ब्रेकवर निर्धास्त पाय दाबतो. ज्या संध्याकाळी तुझा दिवा लागेल, तेव्हा त्याचं लक्ष दिव्याकडे असेल की समोरच्या ट्रककडे?"

तो बराच वेळ बोलला नाही. आंतरराष्ट्रीय फोनवरची शांतता पूर्वी महाग असे. आता फुकट आहे म्हणून मीही बोललो नाही.

शनिवारी रात्री त्याचा पुन्हा फोन. गिऱ्हाईक आले होते. गाडीभोवती फिरले, आत उतरले आणि भाचा तोंड उघडतो न उघडतो तोच सराईतपणे ऑप्शन्स दाबून फ्युएल चार वेळा दाबले. भाच्याने सगळे सांगितले खरे, पण तोवर तो एच वाचून मोकळा झाला होता. चारशे डॉलर कमी करून गाडी घेऊन गेला.

"मामा, तू म्हणालास म्हणून मी एच पुसला नाही," भाचा म्हणाला. "सांगणार तर मी होतोच. पण त्यानं आधीच वाचलं. मग मला याचं पुण्य लागलं की नाही?"

मी म्हटलं, "चेक क्लिअरिंगला गेलाय."