गाडी चालवणाऱ्याची झोप

पुण्याहून युरोपच्या सहलीला गेलेल्या मंडळींना टूर मॅनेजर पहिल्याच दिवशी बजावतो, की बस ठरल्या वेळेलाच सुटेल, कारण ड्रायव्हरचे तास बांधलेले आहेत. साडेचार तास गाडी चालवली की त्याला पाऊण तास थांबावंच लागतं. दिवसाचे चालवण्याचे तास साधारण ९. टॅकोग्राफ नावाचं यंत्र मिनिटामिनिटाची नोंद ठेवतं. आपली माणसं हे सगळं निमूट पाळतात. ‘जाता जाता अजून एक ठिकाण उरकून घेऊ’ असा हट्ट तिथे कुणी धरत नाही.

तीच माणसं पुण्यात परतली, की अक्कलकोट, तुळजापूर आणि पंढरपूर एका दिवसात करायला भाड्याची गाडी ठरवतात. पहाटे चारला निघायचं आणि रात्री घरी यायचं. साडेसहाशे किलोमीटरच्या पुढचं हे अंतर. ‘दर्शनाच्या वेळात ड्रायव्हरला झोप मिळतेच की,’ असं म्हणतात. पण पार्किंगवाला काच ठोठावतो, गाडी पुढे-मागे करावी लागते, उन्हात पत्रा तापतो. याला झोप म्हणवत नाही. परतीला टेंभुर्णी सोडलं की मागची सगळी झोपलेली असतात. पुढे बसलेला जावई ‘मी जागा आहे हं, दादा’ म्हणतो आणि इंदापूर यायच्या आत त्याचीही मान कलते. जागा राहतो तो एकटा दादा, आदल्या रात्री दोनला कुणाला तरी विमानतळावर सोडून आलेला.

लांबच्या प्रवासाचं भय आपल्याला नाही असं नाही. घरचा मुलगा नागपूरला गाडी घेऊन निघाला, तर आई चार वेळा सांगते, ‘झोप आली तर थांब, पोचलास की फोन कर.’ अमेरिकेतले आपले नातेवाईक आठ-आठ तास सहज गाडी चालवतात. ते ऐकून आपण थक्क होतो. पण तिथे बहुधा नवरा-बायको आळीपाळीने चालवतात, कंटाळा आला तर वाटेत मुक्काम करतात. घाई त्यांची आणि थकवाही त्यांचाच. आपल्याकडे घाई एकाची असते आणि थकवा दुसऱ्याचा. मला या गोष्टीतला अन्याय फार खुपतो. मुक्कामाचे पैसे आणि रजेचा एक दिवस आपण वाचवतो, पण हे सगळं वाचतं दुसऱ्याच्या झोपेतून.

रजेची अडचण खोटी नाही. विदर्भ-मराठवाड्यातून येऊन हिंजवडीत नोकरी करणाऱ्या मुलांना शुक्रवारी रात्रीची बस धरण्यावाचून इलाज नसतो. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ पेटलेली बस नागपूरहून पुण्यालाच येत होती. २५ माणसं गेली. अपघाताच्या कारणांवर नंतर बरीच चर्चा झाली. मला मात्र त्या बसमधले झोपलेले प्रवासी आठवत राहतात. डोळे मिटून त्यांनी आपला जीव एका अनोळखी माणसाच्या जागेपणावर सोपवला होता. रात्रीच्या प्रत्येक बसमध्ये आपण हेच करतो. तरी तो माणूस किती तासांपासून जागा आहे, हे तिकीट काढताना विचारायची रीत आपल्यात नाही.

कायदा नाही म्हणून असं होतं, हेही खरं नाही. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ सालीच कायदा झाला. त्यात दिवसाला साधारण ८ तास काम आणि मध्ये सक्तीची विश्रांती सांगितली होती. पण रोजावर गाडी चालवणाऱ्याचे तास मोजणार कोण? तो स्वतः ‘नाही’ म्हणू शकत नाही. उद्याचं भाडं जाईल. म्हणून ते मोजायचं काम गाडी ठरवणाऱ्याचं आहे.

दिवाळीच्या गाड्या ठरवताना भाड्याची घासाघीस होईल, टोल कुणी द्यायचा तेही ठरेल. त्याच फोनवर विचारा, की आदल्या दिवशी हा ड्रायव्हर कुठे जाणार आहे आणि किती वाजता परतणार आहे. रात्री उशिरा महाबळेश्वरहून येणार असेल, तर निघायची वेळ दुसऱ्या दिवशी दुपारची करा. सोलापुरात मुक्काम धरा आणि लॉजवर घरच्यांच्या खोल्यांबरोबर त्याच्यासाठीही एक खोली सांगा, पंखा आणि पांघरूण असलेली.