जुन्या देण्याला मुदत असते का?

कोल्हापूरच्या जुन्या पेठांमध्ये हा प्रसंग नवा नाही. घर वाटणीत आलेलं असतं किंवा नुकतंच विकत घेतलेलं. रंगरंगोटी होते, नव्या मीटरसाठी अर्ज जातो आणि मग कळतं, की याच जागेवर कुणा आजोबांच्या नावचं कनेक्शन ‘पीडी’, म्हणजे कायमचं खंडित म्हणून नोंदलेलं आहे आणि त्याची थकबाकी अजून उभी आहे. मूळ बिल थोडं, वर विलंब आकार आणि व्याज जास्त. मग फोन सुरू होतात, वसुलीची माणसं दारात येतात, लोक अदालतीची नोटीस हातात पडते. घरातली वडीलधारी माणसं हबकतात ती रकमेला नव्हे. आपल्या घराण्याकडं कुणाचं तरी देणं राहिलं, हे त्यांना सोसत नाही.

या हबकण्याला कायद्याचं ज्ञान पुरत नाही, कारण मुळात प्रश्न धर्माचा आहे. काळ लोटला म्हणजे देणं संपतं का? आणि ज्यानं वीज वापरली तो माणूसच राहिला नाही, तर फेडायचं कुणी?

पहिल्या प्रश्नाला कायद्याचं उत्तर अनेकांना वाटतं त्यापेक्षा बारकाव्याचं आहे. वीज कायदा 2003 च्या कलम 56 नुसार रक्कम पहिल्यांदा देय झाल्यापासून दोन वर्षांनंतर ती वसूल करता येत नाही. मात्र थकबाकी म्हणून ती बिलात सतत दाखवलेली असेल, तर हे संरक्षण नाही. वीज तोडण्यापूर्वी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीसही त्याच कलमानं सक्तीची केली आहे. अजमेरच्या वीज कंपनीनं एका ग्राहकाला 2009 ते 2011 या काळातल्या वापराचं फरकाचं बिल 2014 मध्ये पाठवलं, कारण बिलाचा दर चुकीचा लागला होता. सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये निकाल दिला, की या रकमेसाठी वीज तोडता येणार नाही, पण वसुलीचे दुसरे कायदेशीर मार्ग कंपनीला मोकळे आहेत. मुदतीच्या कायद्याचीही हीच रीत आहे. मुदत उलटली की सावकाराचा कोर्टात जाण्याचा मार्ग बंद होतो, कर्ज मात्र नाहीसं होत नाही. भारतीय करार कायद्याच्या कलम 25 प्रमाणे मुदतबाह्य कर्ज फेडण्याचं लेखी वचन सही करून दिलं, तर ते पुन्हा बंधनकारक ठरतं. दारात आलेला माणूस ‘एवढ्या कागदावर फक्त सही करा’ म्हणतो, तेव्हा हे आठवायला हवं.

म्हणजे देणं जिवंत राहतं आणि पिळण्याचा अधिकार संपतो. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्यात मोठं शहाणपण आहे.

न संपणाऱ्या कर्जाची गोष्ट कोल्हापूरला परकी नाही. भृगू ऋषींनी विष्णूच्या छातीवर लाथ मारली, लक्ष्मी रुसून करवीरात, म्हणजे कोल्हापुरात आली, तिच्या शोधात श्रीनिवास व्यंकटाचलावर पोहोचला आणि पद्मावतीशी लग्न करायला त्यानं कुबेराकडून कर्ज काढलं, ही कथा दक्षिणेत घरोघरी ठाऊक आहे. कलियुग सरेपर्यंत ते फिटायचं नाही आणि भक्तांच्या हुंडीतून त्याचं व्याज जातं, अशी श्रद्धा. तिरुपती देवस्थानाकडून नवरात्रात अंबाबाईला मानाचा शालू येतो, त्यामागं लोक हीच कथा सांगतात. अंबाबाई ही कुणाची पत्नी नसून स्वतंत्र आदिशक्ती आहे, असं ठामपणे मानणारेही कोल्हापुरात पुष्कळ आहेत आणि त्यांचं म्हणणं बाजूला सारण्यासारखं नाही. तरी कथेतला एक विचार धरून ठेवावा असा आहे. तिच्यात कर्जदार असण्यानं देवाचं देवपण उणावत नाही. वसुलीच्या फोननं ज्याची मान खाली जाते, त्यानं ही कथा त्या बाजूनं ऐकावी.

पण माणसाचं कर्ज युगान्तापर्यंत चालावं, हे आपल्या धर्मशास्त्राला मान्य नव्हतं. व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये, हा दामदुपटीचा नियम स्मृतींतून आला आणि मुंबई इलाख्यात इंग्रजांच्या कोर्टांनीही हिंदू ऋणकोंच्या बाबतीत तो मानला. आजच्या वीज कंपनीनं, महावितरणनं, 2022 मध्ये विलासराव देशमुख अभय योजना आणली आणि 2024 मध्ये पुन्हा तशीच योजना जाहीर केली. कायमच्या खंडित ग्राहकांनी मूळ थकबाकी भरली, तर व्याज आणि विलंब आकार माफ, असं तिचं स्वरूप होतं. मुद्दल खरं आणि त्यावर चढलेला डोंगर मर्यादेत, ही समज तिथंही दिसते, आणि ती योग्य आहे.

दुसरा प्रश्न वारसाचा. याज्ञवल्क्य स्मृतीवर विज्ञानेश्वरांनी कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात ‘मिताक्षरा’ लिहिली. बापाचं कर्ज मुलानं फेडावं, हे त्या परंपरेत धर्मकर्तव्य होतं. मात्र त्यालाही कुंपण होतं: दारू, जुगार आणि बाहेरख्यालीपणापायी झालेलं देणं मुलावर येत नसे. बापाचं देणं आंधळेपणानं उचलायचं नव्हतं. ते कशासाठी झालं, हे विचारण्याचा हक्क मुलाला होता. शेकडो वर्षं कोर्टांपर्यंत चालत आलेली ही जबाबदारी हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनं बंद केली. त्यापुढं झालेल्या कर्जासाठी केवळ या धर्मकर्तव्याच्या आधारावर मुला-नातवाला कोर्टात खेचता येत नाही. आणि त्याच 2005 साली महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या पुरवठा संहितेत तरतूद आली, की जुन्या ग्राहकाची थकबाकी जागेवर बोजा म्हणून राहील. त्या संहितेत जागा विकत घेणाऱ्यावर ती जास्तीत जास्त सहा महिन्यांची येत असे, पण कायदेशीर वारसाला ही सवलत नव्हती. एका दारानं बाहेर गेलेलं पितृकर्तव्य दुसऱ्या दारानं आत आलं, पण बदलून. आता आधार रक्ताचा नाही, मिळालेल्या मालमत्तेचा आहे. ज्यानं घर घेतलं, त्यानं घराचं देणंही घ्यावं. यात अन्याय दिसत नाही. ज्याच्या वाट्याला छपराचा पत्राही आला नाही, त्या भावाला फोन करून छळणं मात्र अन्यायच आहे.

‘देणं आहे’ असं म्हणण्याआधी हिशेब दिसायला हवा. याज्ञवल्क्य स्मृती धनकोलाही बांधून घेते. जसजशी रक्कम मिळेल तसतशी ती कर्जरोख्याच्या पाठीवर लिहायची आणि पुरी फेड झाली की रोखा फाडून टाकायचा. हा नियम पाळला गेला नाही की काय होतं, ते 12 मे 1875 ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात दिसलं. शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं गाठली आणि रोखे मागून जाळले. पुढं 1879 मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला, आणि कोर्टानं नुसत्या रोख्यावर न जाता व्यवहाराचा मुळापासूनचा इतिहास तपासावा, असं त्यानं बजावलं.

आजचा रोखा म्हणजे सीपीएल, ग्राहकाची महिनावार खातेवही. उपविभागीय कार्यालयात लेखी अर्ज देऊन ती मागावी. रीडिंग कोणत्या महिन्यापासून एकाच आकड्यावर थांबलं, ‘कुलूपबंद’ शेरा मारून सरासरीनं किती बिलं काढली, वीज तोडल्याची तारीख कोणती आणि त्यानंतरही आकारणी चालू राहिली का, हे सगळं तिथं सापडतं. कनेक्शन घेताना आजोबांनी भरलेली सुरक्षा ठेव थकबाकीतून वजा झाली का, हे तर हमखास पाहावं. ते देणं कंपनीचं आहे.

माफीचाही विचार इथंच येतो. तुकोबांच्या घरी सावकारी होती. विरक्ती आल्यावर त्यांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण परंपरेनं सांगितलेल्या चरित्रात आधी वाटणी आहे. धाकट्या भावाचा, कान्होबाचा, अर्धा हिस्सा त्याला दिला गेला आणि तुकोबांनी बुडवली ती फक्त स्वतःच्या वाट्याची खतं. आपलं येणं सोडता येतं, दुसऱ्याचं नाही, हे त्या महापुरुषानं वैराग्याच्या भरातही जपलं. वीजबिलाचं येणं तर एका सावकाराचं नसतं. ते बुडालं की भार शेवटी वेळेवर भरणाऱ्यांच्या दरावर येतो, म्हणून ‘सरकारी पैसा, बुडाला तर बुडू दे’ ही भाषा धर्मात बसत नाही.

खोट्या येण्यापुढं मान तुकवणं तितकंच गैर. शहरातल्या रस्त्यांवर टोल लागला, तेव्हा कोल्हापूरनं ते दाखवून दिलं. एन. डी. पाटलांसारखा वयोवृद्ध नेता रस्त्यावर उतरला आणि ‘देणार नाही’ हा शब्द शहरानं टोल जाईपर्यंत सोडला नाही.

लोक अदालतीच्या नोटिशीला घाबरण्याचं कारण नाही. दावा दाखल होण्यापूर्वीची ती तडजोडीची बैठक असते. दोन्ही बाजू राजी असल्याशिवाय निवाडा होत नाही, पण एकदा झाला की तो अंतिम, त्यावर अपील नाही. कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात जाताना सीपीएल, जुन्या पावत्या, मृत्यूचा दाखला आणि वाटणीपत्र बरोबर असावं. आजोबांनी खरोखर वापरलेली वीज आणि तिचं मुद्दल कागदावर सिद्ध झालं, घरही त्यांचंच मिळालेलं असेल, तर दोन वर्षांच्या कलमाआड न लपता ते भरावं. व्याजावर भांडावं, सरासरीच्या बिलांवर भांडावं, आणि भरलेल्या पैशाबरोबर ‘थकबाकी निरंक’ असा शिक्क्याचा दाखला त्याच दिवशी मागून घ्यावा.