रक्ताच्या एका थेंबाची साक्ष



मधुमेहाचा रुग्ण असलेल्या घरात एक छोटी चेनची पिशवी असते. हातात मावेल एवढे यंत्र, बोट टोचण्याचे पेन, थोड्या सुया आणि स्ट्रिपची एक डबी एवढाच तिचा संसार. बोटाच्या टोकाला टोचून आलेला थेंब स्ट्रिपला लावला की काही सेकंदांत पडद्यावर आकडा उमटतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. तेव्हा ही पिशवी आपल्या ओळखीची नाही, असे म्हणू शकणारी कुटुंबे आता थोडीच असतील.

या पिशवीच्या निमित्ताने एक प्रश्न आपल्यापुढे मांडावयाचा आहे. आपल्या देहाची अवस्था जाणून घेण्याची सोय जवळ असताना ती जाणून न घेण्याचा अधिकार मोमिनाला आहे काय? प्रश्न वैद्यकाचा वाटतो, परंतु मला तो माझ्या स्वतःच्या एका चुकीने शिकविला. ती चूक सांगितल्याशिवाय पुढे लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

मदरशाचे शिक्षण पूर्ण करून मी एका तालुक्याच्या गावी इमामतीस लागलो, त्या पहिल्याच वर्षीची ही गोष्ट. रमजान जून महिन्यात आला होता. सहरीपासून इफ्तारपर्यंत चौदा तासांहून अधिक काळ जात असे. एके दिवशी जुहरच्या नमाजनंतर एस.टी.तून निवृत्त झालेले एक वयस्कर गृहस्थ माझ्याजवळ येऊन बसले. हातात तीच चेनची पिशवी होती. त्यांनी विचारले, "मौलानासाहेब, रोजात बोट टोचून शुगर बघितली तर रोजा तुटतो का?"

हनफी मतानुसार जखमेतून वाहिलेल्या रक्ताने वुजू मोडतो, हे मला ठाऊक होते. हिजामा, म्हणजे तुंबडी लावून रक्त काढणे, याने रोजा तुटतो की नाही यावर इमामांमध्ये मतभेद आहे, हेही मी वाचले होते. मात्र बोटाच्या एका थेंबाविषयी मी कधी कोणाला विचारले नव्हते. 'मला विचारून सांगावे लागेल' हे चार शब्द तरुण इमामाच्या तोंडून निघणे कठीण असते. मी म्हणालो, "चाचा, शंकेच्या गोष्टीपासून दूर राहणे उत्तम. रोजा सोडल्यावर बघत जा." त्यांनी मान हलविली, पिशवीची चेन लावली आणि ते निघून गेले.

चौथ्या दिवशी असरच्या जमातीत ते दुसऱ्या सफमध्ये उभे होते. सलाम फेरल्यावर पाहतो तो ते भिंतीला टेकून बसलेले, कुर्ता घामाने भिजलेला, हात थरथरत होते आणि विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यांना देता येत नव्हते. कोणीतरी साखरेचे पाणी आणले, रिक्षा बोलावली. दवाखान्यात तपासले तेव्हा साखर ४८ होती. अल्लाहच्या कृपेने ते वाचले. डॉक्टरांनी फक्त एवढेच विचारले, "घरात मशीन होतं ना? मग बघितलं का नाही?" मी दारात उभा होतो. त्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे होते.

त्या रात्री मला एक हदीस आठवत राहिली. ती मदरशात अनेकदा वाचली होती. ह. जाबिर (रजि.) यांची ही रिवायत सुनन अबू दाऊदमध्ये आली आहे. प्रवासात एका माणसाच्या डोक्याला दगड लागून जखम झाली. पुढे त्याला गुस्लची गरज पडली. मला तयम्मुमची सवलत आहे काय, असे त्याने सोबत्यांना विचारले. पाणी उपलब्ध असताना सवलत नाही, असे त्यांनी सांगितले. त्याने गुस्ल केले आणि त्यातच त्याचा मृत्यू झाला. ही वार्ता प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांना कळली तेव्हा ते अत्यंत संतप्त झाले. त्या मृत्यूची जबाबदारी त्यांनी सवलत नाकारणाऱ्यांवर ठेवली आणि अज्ञानावरचा इलाज विचारून घेणे हाच आहे, अशी शिकवण दिली. ते सोबती दुष्ट नव्हते. ते धर्मनिष्ठच होते. माहीत नसताना त्यांनी उत्तर दिले, एवढाच त्यांचा दोष होता. माझाही तोच होता.

मी त्यांच्या घरी जाऊन क्षमा मागितली. ते हसले आणि म्हणाले, "मौलानासाहेब, तुम्ही एकट्यानं ओझं घेऊ नका. खरं सांगू? मलाच बघायचं नव्हतं. तुम्ही नको म्हणालात, मला बरंच वाटलं."

वाचकहो, या वाक्याने माझा दोष तिळमात्र कमी होत नाही. परंतु मूळ प्रश्न या वाक्यात आहे. त्यांना रोजाची काळजी होती हे खरे. पण त्याहून खोल जागी त्यांना आकड्याचे भय होते आणि त्या भयाला माझ्या उत्तराने धर्माचा सदरा चढविला. आपल्यापैकी किती जण असे करतात? "जे व्हायचं ते अल्लाहच्या मर्जीने होईल, मशीन कशाला?" असे म्हणताना आपण तवक्कुल करीत असतो, की न पाहण्याची पळवाट शोधत असतो?

तवक्कुलचा अर्थ ह. उमर (रजि.) यांच्या जीवनातील एका प्रसंगावरून कळतो. ते शामकडे निघाले असता तेथे ताऊन, म्हणजे प्लेगची साथ पसरल्याची बातमी मिळाली. सल्लामसलत करून त्यांनी परत फिरण्याचा निर्णय घेतला. ह. अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले की, हे अल्लाहच्या तकदीरपासून पळणे नव्हे काय? ह. उमर (रजि.) यांच्या उत्तराचा आशय असा होता की, आपण अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत. लक्षात घ्या, त्यांच्या हाती एक बातमी होती. ती मिळाल्यावर त्यांनी कान झाकले नाहीत. खबर मिळविणे, तिच्यावर विचार करणे, योग्य ते पाऊल उचलणे आणि मग परिणाम अल्लाहवर सोपविणे, हा तवक्कुलचा क्रम आहे. पहिल्या तीन पायऱ्या गाळून चौथीवर उडी मारणे म्हणजे तवक्कुल नव्हे.

दुसरी गोष्ट अमानतीची. हा देह आपला नाही, तो आपल्याकडे सोपविलेला आहे. रात्रभर इबादत आणि दिवसभर रोजा धरणाऱ्या ह. अबू दरदा (रजि.) यांना ह. सलमान फारसी (रजि.) यांनी समजावले की, रबचा, स्वतःच्या देहाचा आणि कुटुंबाचाही आपल्यावर हक्क आहे, आणि प्रेषितांनी (सल्ल.) त्यास दुजोरा दिला. शेजाऱ्याने विश्वासाने ठेवावयास दिलेल्या धान्याच्या पोत्याला कीड लागली असेल या भीतीने कोणी ते उघडूनच पाहत नसेल, तर त्याला आपण अमानतदार म्हणू काय? वाढलेली साखर डोळ्यांवर, मूत्रपिंडांवर आणि पायांच्या नसांवर वर्षानुवर्षे निमूटपणे काम करीत असते. दुखत नाही म्हणून ती नाही, असे होत नाही.

येथे एक इशारा आवश्यक आहे. आकडा ही खबर आहे, निकाल नव्हे. आपल्या घरांत काय घडते? पडद्यावर २६० दिसले की सून म्हणते, "अब्बा, लग्नात गुलाबजाम खाल्ले ना?" मुलगा कपाळाला हात लावतो. पुढल्या वेळी अब्बा एकटे असताना तपासतात आणि विचारले तर आकडा कमी करून सांगतात. काही दिवसांनी तपासणेच सोडून देतात. वास्तविक साखर केवळ मिठाईने वाढत नाही. ताप, चिंता, अपुरी झोप, चुकलेली गोळी अशी अनेक कारणे असतात. रुग्णाची झडती घेणाऱ्या घरात तो खोटे बोलू लागतो आणि त्या खोट्यात झडती घेणाऱ्यांचाही वाटा असतो. आकडा पाहून "चला, आता काय करायचं ते डॉक्टरांना विचारू" एवढेच म्हणावे.

त्या गृहस्थांच्या घरी आणखी एक गोष्ट मला कळली. चहा ठेवताना त्यांच्या पत्नी सहज बोलून गेल्या की त्यांनाही तीन वर्षांपासून शुगर आहे. मी विचारले, "चाची, तुम्ही कधी बघता?" त्या म्हणाल्या, "मी नाही बघत. पंचवीस स्ट्रिपची डबी येते, ती ह्यांच्यासाठी. मी लावल्या तर ह्यांना पुरणार कशा?" त्या हे कुरबुर म्हणून सांगत नव्हत्या. त्यांना ते स्वाभाविकच वाटत होते. चाचांनी मान खाली घातली. त्यांना हे माहीतच नव्हते, कारण त्यांनी कधी विचारले नव्हते.

प्रत्येक स्ट्रिपला पैसे पडतात. पेन्शनवर चालणाऱ्या घरात ही रक्कम लहान नाही. अशा वेळी कोणाच्या रक्ताचा थेंब या खर्चास पात्र आहे, हे घर न बोलता ठरवीत असते आणि बहुधा निर्णय बाईच्या विरुद्ध जातो. तिचा त्याग आपण गौरवितो. पण जो त्याग दुसऱ्यांच्या सोयीसाठी गृहीत धरला जातो, त्याचा हिशेब ज्यांनी गृहीत धरला त्यांना द्यावा लागेल. प्रेषितांनी (सल्ल.) प्रत्येकाला रखवालदार म्हटले आहे आणि घरातील पुरुषाला घरच्यांविषयी विचारले जाईल, असे बजावले आहे. मुलांनो, आज घरी गेल्यावर अम्मीला विचारा, "तू शेवटची शुगर कधी बघितलीस?"

यावर उपाय आहेत. सर्वांनाच रोज तपासावे लागते असे नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांना अधिक वेळा, तर केवळ काही गोळ्यांवर असलेल्यांना पुष्कळ कमी वेळा पुरते. ते डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. म्हणजे इसराफही होणार नाही आणि कंजुषीही. तीस वर्षांवरील व्यक्तींची मधुमेह तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत राष्ट्रीय कार्यक्रमाखाली केली जाते. जकातीस पात्र असलेल्या गरीब रुग्णाला स्ट्रिप, औषधे विकत घेऊन त्याच्या मालकीची करून दिली, तर जकात अदा होते. आपण रमजानमध्ये कपडे वाटतो, शिधा वाटतो. एखाद्या विधवेला वर्षभराच्या स्ट्रिप देण्याचा विचार किती जणांच्या मनात येतो?

आता ज्या प्रश्नाचे उत्तर मी तेव्हा चुकीचे दिले, त्याचे उत्तर येथे नोंदवितो. तपासणीसाठी रक्त काढल्याने रोजा तुटत नाही. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९९७ साली जेद्दा येथील अधिवेशनात हेच म्हटले असून, पोषणासाठी नसलेल्या, त्वचेखाली घ्यावयाच्या इंजेक्शननेही रोजा तुटत नाही, असे नमूद केले आहे. हनफी बांधवांनी रक्त वाहिले असल्यास नमाजपूर्वी पुन्हा वुजू करावा. कोकणातील आपल्या शाफई बांधवांच्या मते वुजू मोडत नाही. बोट धुवून घ्यावे. रोजात साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली, तर रोजा त्वरित सोडावा, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. इफ्तारला दहाच मिनिटे उरली असली तरी थांबू नये. अशा रोजाची कजा करावी लागते, कफ्फारा नाही. रोजा धरण्याची शक्ती परत येण्याची आशा नसेल, त्याच्यासाठी फिदया आहे. सूरह बकरहच्या आयत १८४ व १८५ मध्ये आजाऱ्याला ही मुभा देताना, अल्लाहला आपल्यासाठी सुलभता हवी आहे, हेही स्पष्ट केले आहे. ती मुभा नाकारणे म्हणजे अधिक परहेजगारी नव्हे. रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टर आणि जाणकार आलिम या दोघांनाही विचारावे, एकाला विचारून दुसऱ्याला टाळू नये.

दोन लहान गोष्टी. तपासण्यापूर्वी हात धुऊन पुसावेत. खजूर हाताळलेल्या बोटाची साखर थेंबात मिसळली तर आकडा फसवा येतो. आणि वापरलेली सुई दुसऱ्या कोणी वापरू नये, तशीच कचऱ्यातही टाकू नये. जाड प्लास्टिकच्या डब्यात साठवून, झाकण घट्ट लावून, वर लिहून मगच ती वेगळी द्यावी. वाटेवरील त्रासदायक वस्तू दूर करणे हा ईमानचाच एक भाग आहे, हे आपण मुलांना शिकवितो. कचरा उचलणाऱ्या भगिनीच्या हातात आपल्या घरची सुई रुतली, तर ती वाटेवर काटा टाकण्यासारखीच गोष्ट होय.

ते गृहस्थ आजही आमच्या मशिदीत येतात. रमजानमध्ये असरनंतर ते वुजूखान्याजवळच्या कट्ट्यावर बसतात, सर्वांदेखत बोट टोचतात आणि चष्मा घरी राहिला असेल तर यंत्र माझ्यापुढे धरतात, "मौलानासाहेब, बघा जरा." मी आकडा वाचून सांगतो. घरी आता दोन डब्या येतात. गेल्या वर्षी चाचींनी अधूनमधून सात रोजे सोडले, हिवाळ्यातील लहान दिवसांत ते पूर्ण केले आणि त्याची त्यांना लाज वाटली नाही.

मोहशरच्या दिवशी आपले हातपाय साक्ष देतील, यावर आपली श्रद्धा आहे. त्या साक्षीच्या वेळी काहीही टाळता येणार नाही. आज मात्र बोटाचे टोक एक लहानशी साक्ष द्यावयास तयार आहे आणि ती ऐकून सुधारण्यास अवधीही आहे. ती ऐकण्याचे धैर्य, विचारून घेण्याची नम्रता आणि घरातील प्रत्येकाच्या देहाचा हक्क ओळखण्याची बुद्धी अल्लाह आपणां सर्वांना देवो. सर्व रुग्णांना तो शिफा देवो आणि अज्ञानाने दिलेल्या उत्तरांबद्दल माझ्यासारख्यांना क्षमा करो. आमीन.