अपेक्षाबुद्धी आणि टॉप मॉडेल

वस्तूचे मूल्य वस्तूतच राहते की तिच्याकडे पाहणाऱ्याच्या बुद्धीत, हा प्रश्न भारतीय दर्शनांनी नेमक्या या शब्दांत क्वचितच विचारला. परंतु गुण द्रव्याच्या आश्रयाने कसा राहतो, कोणता गुण द्रव्य असेपर्यंत टिकतो आणि कोणता पाहणाऱ्याच्या ज्ञानाबरोबर नाहीसा होतो, याची जी चिकित्सा वैशेषिकांनी केली, ती या प्रश्नाला पुष्कळ दूरपर्यंत नेऊ शकते. वापरलेल्या विद्युत मोटारींच्या बाजारात या चिकित्सेची परीक्षा घेता येते, कारण एकाच नावाच्या आणि एकाच कारखान्यातून आलेल्या दोन गाड्यांच्या किमतींतील फरक कशाचा आहे, हे तेथे बऱ्याच अंशी सुटे करून दाखवता येते.

एकाच मॉडेलच्या कमी-अधिक सोयींच्या श्रेणींना बाजारात ‘व्हेरिएंट’ म्हणतात. सर्वांत साधी ती बेस मॉडेल आणि सर्वांत सजलेली ती टॉप मॉडेल. जानेवारी २०२० मध्ये टाटांची नेक्सॉन ईव्ही बाजारात आली, तेव्हा एक्सएम, एक्सझेड प्लस आणि एक्सझेड प्लस लक्स या तिच्या तीन श्रेणींच्या एक्स-शोरूम किमती अनुक्रमे १३.९९, १४.९९ आणि १५.९९ लाख रुपये होत्या. तिन्हींतील बॅटरी ३०.२ किलोवॉट-तासांचीच होती (किलोवॉट-तास म्हणजे साठवलेल्या विजेचे माप, घरच्या वीजबिलातले एक युनिट) आणि मोटरही एकच होती. म्हणजे गाडी किती चालेल आणि किती जोराने चालेल, याच्याशी वरच्या दोन लाखांचा काही संबंध नव्हता. ते सनरूफ, चामड्यासारखी आसने, पाऊस ओळखून आपोआप चालणारे वायपर अशा गोष्टींचे होते.

वैशेषिकांच्या मते पदार्थ सात, त्यांत द्रव्ये नऊ आणि गुण चोवीस. अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रहा’मुळे ही मोजणी संस्कृत शिकणाऱ्या विद्यार्थ्याला आरंभीच तोंडपाठ होते, आणि आठल्ये व बोडस यांनी १८९७ साली मुंबईतून काढलेल्या त्या ग्रंथाच्या आवृत्तीने ती इंग्रजी शिकलेल्या पिढीपर्यंतही पोचवली. चोवीस गुणांच्या या यादीत रूप, रस, गंध आहेत, गुरुत्व आहे, सुखदुःखही आहे. किंमत मात्र नाही. ही उणीव मानण्याचे कारण नाही, कारण किंमत ज्या जातीची वस्तू आहे तिचा विचार याच यादीतील संख्या या गुणाच्या निमित्ताने अत्यंत बारकाईने झालेला आहे.

दोन घट समोर असता प्रत्येकात ‘एकत्व’ आहेच. ते घटाबरोबर असते आणि घट फुटेपर्यंत राहते. ‘द्वित्व’ म्हणजे दोनपणा मात्र त्या घटांत आधीपासून नसतो. ‘हा एक, हा एक’ असे दोहोंना एकत्र घेणारे ज्ञान पाहणाऱ्याला होते, त्या ज्ञानाला अपेक्षाबुद्धी म्हणतात, आणि तिच्यामुळे दोन्ही घटांत द्वित्व उत्पन्न होते. ती बुद्धी नष्ट झाली की द्वित्वही नष्ट होते, घट मात्र जागच्या जागी असतात. येथे वैशेषिकाची भूमिका नीट लक्षात घ्यावयास हवी, कारण ती सहज निसटते. द्वित्व हा भ्रम आहे, असे तो म्हणत नाही. उत्पन्न झालेले द्वित्व खरे आहे आणि ते घटांतच राहते, पाहणाऱ्याच्या डोक्यात नव्हे. पण त्याचे निमित्तकारण, म्हणजे ज्याच्या योगाने ते घडून येते ते कारण, बुद्धी हे आहे, आणि म्हणून त्याचे आयुष्य त्या बुद्धीइतकेच आहे.

टॉप मॉडेलचे अधिक मूल्य याच जातीचे आहे. ते खोटे नाही, कारण त्यासाठी खरे पैसे मोजले जातात. पण ‘ही साधी, ही तिच्याहून वरची’ अशी तुलना जोवर कोणी करतो तोवरच ते राहते, आणि तुलनेचा दुसरा घटक बदलला की सनरूफ पूर्वीसारखेच उघडत-मिटत असूनही मूल्य उरत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये सणासुदीच्या निमित्ताने नेक्सॉन ईव्हीची प्रारंभीची किंमत १२.४९ लाखांवर आणली गेली, आणि त्या बेस मॉडेलमध्येही सहा एअरबॅगा होत्या, ज्या २०२० च्या लक्समध्ये दोनच होत्या. त्या दिवसापासून जुनी लक्स घेऊ पाहणारा गिऱ्हाईक तिची तुलना २०२० च्या एक्सएमशी न करता कोऱ्या बेस मॉडेलशी करू लागला, आणि चार वर्षे वापरलेली १५.९९ लाखांची गाडी १२.४९ लाखांच्या नव्या गाडीहून महाग विकली जाण्याची वाट बंद झाली. एकाच वर्षाच्या दोन जुन्या गाड्या शेजारी उभ्या असतील तर लक्सला अजूनही थोडे अधिक मिळेल आणि ती आधी उचलली जाईल, कारण तेथे जुनी अपेक्षाबुद्धी पुन्हा जुळते. पण दोन लाखांचा तो फरक परत येणार नाही.

सगळ्याच श्रेणी अशा नसतात. सप्टेंबर २०२३ मध्ये हीच गाडी ३० आणि ४०.५ किलोवॉट-तास अशा दोन बॅटऱ्यांत आली, आणि तेथे श्रेणीने द्रव्याला हात घातला. तेवढ्याच अंतरासाठी लहान बॅटरीला मोठीच्या तुलनेत सुमारे ३५ टक्के अधिक वेळा पूर्ण भरावे आणि रिकामे व्हावे लागते, म्हणून वापराने होणारी तिची झीजही अधिक वेगाने होते. वैशेषिक अग्निसंयोगाने बदलणाऱ्या गुणांना ‘पाकज’ म्हणतात, आणि उष्णतेने क्षीण होणाऱ्या बॅटरीच्या क्षमतेला हे नाव शोभण्यासारखे आहे. पाक परमाणूंत होतो की अखंड घटात, हा वैशेषिक आणि नैयायिक यांचा जुना वादही जुन्या बॅटरीची तपासणी करणाऱ्याला अगदी परका वाटू नये, कारण दोष एखाद्या सेलचा की साऱ्या पॅकचा, हे त्यालाही ठरवावेच लागते. मोठ्या बॅटरीसाठी दिलेल्या अधिक पैशांचा मोठा भाग पुनर्विक्रीतही टिकावा, हे या दृष्टीने सयुक्तिक आहे.

मात्र द्रव्य तेच असूनही श्रेणी वेगळी असू शकते, हे टेस्लाने अमेरिकेत दाखवले. २०१६ साली विकल्या गेलेल्या मॉडेल एसच्या ‘६०’ श्रेणीत बॅटरी प्रत्यक्षात ७५ किलोवॉट-तासांची होती. सॉफ्टवेअरने तिचा काही भाग बंद ठेवला होता आणि अधिक पैसे भरल्यास गाडीला हातही न लावता तो उघडला जात असे. सप्टेंबर २०१७ मध्ये इर्मा चक्रीवादळापुढून निघालेल्या फ्लोरिडातील काही मालकांसाठी कंपनीने तो भाग दूरवरून तात्पुरता खुला केला. नैयायिक आणि मीमांसक यांच्या वादातील अग्नी आणि मणी यांचे उदाहरण येथे जसेच्या तसे लागू पडते. विशिष्ट मणी जवळ असता अग्नी जाळत नाही, यावरून मीमांसक म्हणतो की अग्नीत दाहाची ‘शक्ती’ हा वेगळा पदार्थ असून मण्याने ती नष्ट होते. नैयायिक म्हणतो की अग्नीत काहीच कमी झालेले नाही, केवळ प्रतिबंधकाचा, म्हणजे अडवणाऱ्याचा, अभाव हेही दाहाचे एक कारण आहे आणि तेवढे येथे नाही. नैयायिकाचे म्हणणे मानले तर ‘६०’ आणि ‘७५’ यांत गाडीचा भेद नाही, मणी कोणाच्या हाती आहे एवढाच भेद आहे. अशी ‘६०’ सेकंड हँड घेणारा पूर्ण अग्नी विकत घेतो, पण मणी उचलण्याचा अधिकार घेत नाही.

हा अधिकार कोणत्या पदार्थात मोडतो, याचे उत्तर जुन्या सात पदार्थांत सापडत नाही. नवद्वीपचे रघुनाथ शिरोमणी यांनी म्हणूनच ‘स्वत्व’, म्हणजे मालकी, हा निराळा पदार्थ मानला. इच्छेप्रमाणे वापरता येणे म्हणजे मालकी, असे म्हटले तर दुसऱ्याचे अन्नही खाता येतेच. आणि ते निषिद्ध आहे असे म्हणावे, तर त्या निषेधातच ‘दुसऱ्याचे’ हे पद, म्हणजे मालकीची कल्पना, आधी गृहीत धरलेली असते, असा त्यांचा युक्तिवाद आहे. मालकीचा हाच प्रश्न आता भारतातील बाजारातही उभा आहे. एमजीची विंडसर ही विद्युत मोटार सप्टेंबर २०२४ मध्ये आली ती ९.९९ लाख रुपयांना बॅटरीशिवाय, आणि बॅटरीच्या वापरासाठी दर किलोमीटरला साडेतीन रुपये, अशा योजनेसह; बॅटरीसह घेतल्यास प्रारंभीची किंमत १३.५० लाख होती. त्या बॅटरीची आजीवन हमी पहिल्या मालकापुरतीच आहे. गाडी दुसऱ्याच्या नावावर चढली की ती हमी ठरावीक वर्षे आणि ठरावीक किलोमीटर यांवर येते, मग गाडी बेस असो की टॉप.