झुकणे आणि झिजणे

समंजसपणा हा सद्गुण आहे, याविषयी आपल्यात सहसा दुमत नसते. घरात, संस्थेत वा समाजात जो नमते घेतो, त्याचे आपण कौतुक करतो आणि त्याने पुढेही तसेच वागावे अशी अपेक्षा धरतो. पण नमते घेणे आणि झिजून जाणे यांत काही भेद आहे की नाही? असल्यास तो कोठे शोधावा? या प्रश्नाचा विचार करताना आम्हांला ग्रंथांइतकेच साहाय्य झाले ते मोटारीच्या पोटाखाली दडलेल्या एका रबरी तुकड्याचे. कारागीर त्याला ‘बुश’ म्हणतात.

उदाहरणादाखल एक जुनी स्पोर्ट्स कार घेऊ. जपानच्या माझ्दा कंपनीने १९८९ साली ‘एमएक्स-५’ ही दोन आसनांची, उघड्या टपाची छोटी मोटार बाजारात आणली. अमेरिकेत ती ‘मियाटा’ या नावाने लोकप्रिय झाली. २०१६ सालापर्यंत अशा दहा लाख मोटारी तयार झाल्या. पहिल्या पिढीतील, म्हणजे १९९७ पर्यंतच्या, मोटारींनी आता पंचविशी ओलांडली आहे. त्यांचे इंजिन पुष्कळदा अजून सुरात असते; थकलेले असतात ते बुश.

या मोटारीचे प्रत्येक चाक वर एक आणि खाली एक अशा पोलादी भुजांनी सांगाड्याला जोडलेले असते. भुजा आणि सांगाडा जेथे भेटतात, तेथे बुश बसतो. एका नळीत दुसरी नळी आणि दोहोंच्या मध्ये घट्ट चिकटलेले रबर, अशी त्याची रचना. बाहेरची नळी भुजेत दाबून बसविलेली, आतली नळी बोल्टने सांगाड्याशी आवळलेली. चाक खड्ड्यात गेले की भुजा हलते, मधले रबर पिळले जाते आणि पुन्हा मूळ स्थितीला येते. पोलाद पोलादावर आदळत नाही, कारण मध्ये कोणीतरी ते सोसत असते.

ॲरिस्टॉटलने आपल्या ‘निकोमाखियन नीतिशास्त्रा’च्या पाचव्या भागात लेस्बॉस बेटावरील गवंड्यांच्या शिशाच्या मोजपट्टीचा दाखला दिला आहे. दगडाच्या आकाराप्रमाणे ती पट्टी वाकते. कायद्याचा सर्वसाधारण नियमही तसाच प्रसंगाच्या आकाराला जुळवून घ्यावा लागतो, असे त्याचे म्हणणे. या वृत्तीला पुढे संत थॉमस अक्वायनस यांनीही सद्गुणांत स्थान दिले. दाखला सुंदर आहे. परंतु शिसे वाकते ते वाकलेलेच राहते. शेवटच्या दगडाने दिलेला आकार हाच त्याचा आकार. रबर मात्र वाकते आणि परतते. झुकणे आणि झिजणे यांतील भेद, आमच्या मते, या परतण्यात आहे.

हे परतणेही रबराला उपजत लाभलेले नाही. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत ठिसूळ होते. गंधकाबरोबर तापविल्यास ते टिकाऊ व लवचीक बनते, हे चार्ल्स गुडइयर यांना १८३९ साली आढळले. १८४४ साली त्यांना त्याचे पेटंट मिळाले. गंधकामुळे रबराच्या अणुरेणूंच्या लांबच लांब साखळ्या एकमेकींशी जखडल्या जातात; म्हणून ताण सुटताच त्या जागेवर येतात. म्हणजे आतले बंधन आहे म्हणूनच बाहेर नमता येते. ज्याच्या अंतरंगात कसलीच निष्ठा बांधलेली नाही, तो नमत नाही, केवळ वाहत जातो.

तथापि उत्तम रबरही अमर नव्हे. उष्णता, हवेतील ओझोन, वरून ठिबकणारे तेल यांनी त्याला भेगा पडतात. शेवटी ते नळीपासून सुटते. मग खड्ड्यात खडखड ऐकू येते, ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढते, टायरची एकच कड झिजते. रोज चालविणाऱ्याला हे उमगत नाही, कारण बिघाड तिळातिळाने वाढतो. परक्या चालकाला मात्र पहिल्याच वळणावर कळते. मालक टायर बदलतो, कारण टायरची झीज डोळ्यांना दिसते. नवा टायरही तसाच झिजतो. घराघरांतून आपण याहून वेगळे काय करतो? दिसते ती भांडणे मिटवितो. सर्वांचे धक्के कोण सोसत होते आणि ते केव्हा थकले, हे पाहत नाही.

बुश बदलण्याचे काम कष्टाचे आहे. वर्षानुवर्षांच्या गंजाने बोल्ट आतल्या नळीत रुतून बसतो. कित्येकदा तो कापूनच काढावा लागतो. नवा बुश कशाचा घ्यावा, हाही विचार असतो. शर्यतीच्या गाड्यांत धातूचे सांधे वापरतात. गाडी अचूक वळते, पण प्रत्येक खडा हाडांपर्यंत पोहोचतो. पॉलियुरेथेनचे बुश रबराहून कडक. वंगण आटले की ते कुरकुरतात. नित्याच्या रस्त्याला रबरच मानवते.

आणि शेवटचा नियम मोठा मार्मिक आहे. रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर टांगलेली असताना पक्के आवळू नयेत. चाकांवर गाडीचा सारा भार आल्यावरच ते आवळावेत. अधांतरी आवळले, तर गाडी खाली येताच रबर पिळले जाते, नुसते उभे असतानाही पिळलेलेच राहते आणि लवकर फाटते. लग्न ठरताना मुलीकडून आपण ‘सांभाळून घेईन’ असे वचन घेतो. भार किती, हे तिला तेव्हा कोणी सांगितलेले असते काय?

दृष्टान्ताला येथे मर्यादा पडते. बुश बदलता येतो. माणूस काढून त्याच्या जागी दुसरा बसविता येत नाही. म्हणूनच, वाचकहो, सोसणाऱ्याला ‘आणखी थोडे सोस’ असे सांगण्यापूर्वी, त्याला पुन्हा आपल्या मूळ आकाराला येण्याइतकी उसंत मिळते की नाही, हे पाहणे आपल्यावर बंधनकारक आहे. नमणे हा त्याचा सद्गुण असेल. त्याला झिजू न देणे हे आपले कर्तव्य होय.