गोळीवाल्यांचा लेमन

पार्ले म्हटलं की आपल्याला बिस्किट आठवतं. पण विलेपार्ल्यात १९२९ साली सुरू झालेल्या त्या कारखान्यातून आधी बाहेर पडल्या त्या गोळ्या. बिस्किटं आली दहा वर्षांनी. पुढे त्या कारखान्याच्या मालक असलेल्या चौहान घराण्यानं शीतपेयांत उतरून सत्तरच्या दशकात लिम्का आणली. १९९३ मध्ये ती कोकाकोलाकडे गेली.

गोळ्या करणाऱ्यांनी लेमन करावा यात नवल काहीच नाही. साखर, सायट्रिक आम्ल आणि लिंबाच्या वासाचा अर्क एवढ्यावर लिंबाची गोळी उभी राहते. तेच सगळं पाण्यात विरघळवून वायू भरला की झाला सोडा. बाटलीचा पहिला घोट घेताना आपण मनात ताडून पाहतो ते लहानपणी चघळलेल्या गोळीशी, लिंबाशी नाही. आणि चव जुळली की म्हणतो, अगदी लिंबासारखी आहे!

आंबटपणाची तर वेगळीच गंमत. बुरशीला साखर खाऊ घातली की ती सायट्रिक आम्ल देते, हे जेम्स करी या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानं १९१७ मध्ये दाखवलं. दोनच वर्षांत फायझर कंपनीनं त्याचा कारखाना काढला. आज हे आम्ल उसाच्या मळीपासूनही काढतात. आमच्या पेठ वडगावच्या भोवती ऊसच ऊस, वारणेचा साखर कारखानाही फार लांब नाही. मळी म्हणजे काय हे इथं शाळकरी पोरालाही सांगावं लागत नाही. ती दारूला जाते हे सगळे जाणतात. लिंबाच्या आंबटपणालाही ती चालते, हे मात्र कुणाच्या गावी नसतं.

रंगरूपाचंही तसंच. लिंबाच्या रसासारखा गढूळपणा यावा म्हणून शीतपेयांत ब्रोमिनयुक्त वनस्पती तेल घालत. आपल्याकडे १९९० साली त्यावर बंदी आली; अमेरिकेला जाग यायला २०२४ उजाडलं.

आता बाजारातला लिंबू सोड्याचा गाडा बघा. 'काका, गोड करू का खारा?' 'मिक्स कर.' तळाला पाक आणि मीठ, त्यावर अर्धं लिंबू, एखादी बी सुटून आत पडते. वरून सोडा सोडला की मिठाच्या कणाकणाला बुडबुडे धरतात, फेस उसळून काठाबाहेर येतो आणि गाडेवाला 'घ्या, घ्या लवकर' म्हणत ग्लास पुढं करतो. चव रोज सारखी नसते. उन्हाळ्यात लिंबू महागलं की अर्ध्याची चतकोर फोड होते, हेही खरं. पिळलेला रस ठेवला तर कडवटतो, त्यामुळं गाडेवाल्याला तो समोरच पिळावा लागतो.

बाटलीतला लेमन वाईट आहे असं मी म्हणणार नाही. भर उन्हात मीही पितो. पण ती पातळ केलेली गोळी आहे, एवढं ओळखून प्यावी. बाटलीच्या पाठीवर 'आम्लता नियामक ३३०' असं बारीक अक्षरांत छापलेलं असतं, म्हणजे तेच सायट्रिक आम्ल. एकदा वाचा, मग गाड्यावर जाऊन एक खारा मागवा.